माणसं आधी बोलायची थांबतात

सस्नेह आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. चाकणच्या कारखान्यात असेंब्ली लाईन हातात येऊन चार महिनेही झाले नाहीत आणि तू लिहितेस, ‘सर, पोरींना कशाचं काही पडलेलंच नाही. सांगितलं तेवढंच करतात. चूक समोर दिसत असते, तरी तोंड उघडत नाहीत.’ पोरी कामचुकार आहेत असं तू धरून चालली आहेस. तुझ्या वयात मीही तसंच धरून चाललो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी उमेदवारीही वायरिंग हार्नेसमध्येच, गाडीतल्या वायरींचे जुडगे बांधण्यातच गेली. कनेक्टरमध्ये टर्मिनल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची पिन, ढकललं की ‘टक’ असा बारीक आवाज होतो आणि मग वायर हलकेच मागे ओढून बघायची, हे तुला सांगायला नको. कारखान्याच्या गोंगाटात तो आवाज तुला-मला ऐकू येत नाही. दिवसभर टर्मिनलं बसवणाऱ्या पोरीच्या मात्र तो बोटांना कळतो. आमच्या बोर्डवर ठेकेदाराकडची एक मुलगी होती. सतराव्या स्टेशनवर बसायची म्हणून सगळे तिला ‘सतरा नंबर’ म्हणत. सुरुवातीला ती हात वर करायची, ‘सर, हे बघा ना, नीट बसत नाहीये.’ एकदा महिनाअखेर होती, लाईन मागे पडलेली. सुपरवायझर सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडला, ‘तुला डोकं चालवायला ठेवलंय का? हात चालव!’ मी दोन हातांवर उभा होतो. काही बोललो नाही.

त्यानंतर तिने हातच चालवले. पंधरा दिवसांनी कनेक्टरचा एक लॉट खराब आला. टक वाजत नव्हतं. तिने एकेक हार्नेस पुरा करून मुकाट्याने पुढे सोडला. टेस्ट बोर्डवर दिवा लागत होता, कारण टर्मिनल नुसतं टेकलं तरी सर्किट जुळतं. गाडीत बसवताना वायरी मागे सरकल्या आणि माल परत आला. तीन रात्री जागून आम्ही तो उघडून तपासला. मी तिला विचारलं, ‘तुला कळलं नव्हतं का गं?’ म्हणाली, ‘कळलं होतं की.’ आणि पुढचा कनेक्टर उचलला.

अपमान झालेला माणूस लगेच भांडत नाही. त्याचं हातावर पोट असतं, ठेकेदार उद्या गेटवरूनच परत पाठवेल ही भीती असते. तो आधी बोलायचा थांबतो. मग खाडे वाढतात, चहाची सुट्टी लांबते, संडासात जाऊन बसणं सुरू होतं, कारण डोक्यावर कुणी उभं नसतं अशी तेवढीच जागा असते. नंतर पोरी एकमेकींनाही सांगेनाशा होतात. नवी पोरगी चुकत असली तर चुकू देतात, आणि जुनी बाई नवीला अगदी तुमच्याच शब्दांत झापते. मला या सगळ्यात हेच सर्वांत वाईट वाटतं.

टॉयलेटला जाताना वहीत नाव आणि वेळ लिहायला लावतेस, असं तू सहज लिहून गेलीस. ती वही उद्याच बंद कर. अशी वही आली की बायका पाणी प्यायचं कमी करतात, आणि एप्रिल-मेमध्ये लाईनवर चक्कर येऊन पडतात. मी पाहिलंय. वहीपेक्षा एक रिलिव्हर माग, कुणी उठली की तिच्या जागी काम धरणारी. उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा टेकता यावं, बसायची सोय असावी, हे १९४८च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ४४मध्येच होतं. तरी केरळात कापडदुकानांतल्या बायकांना दिवसभर उभं ठेवत. त्या झगडल्या, तेव्हा २०१८ साली तिथे दुकानांसाठी बसण्याचा हक्क कायद्यात आला. बसण्याचा!

माझे वडील लालबागच्या गिरणीत बदली कामगार होते. पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, कुणी कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, काम मिळायचं. आत घेणारा बोट दाखवायचा, ‘तू, तू, आणि तू.’ नावानं हाक मारली तो दिवस वडील घरी येऊन सांगायचे, पगाराच्या दिवसासारखे. त्याच मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती. रविवार मिळायला १८९० उजाडलं.

तुझ्या लाईनवर काय करायचं? कुणी हात वर केला की लाईन थांबली तरी चालेल, जाऊन बघ. तिचं चुकलं असेल तरी ओरडू नकोस, आणि तिने दाखवलेल्या लॉटचं पुढे काय झालं ते तिला येऊन सांग. टोयोटाच्या लाईनवर साधा कामगार दोरी ओढून अडचण कळवू शकतो, वेळेत सुटली नाही तर लाईन थांबते. नुसती दोरी टांगून हे होत नाही. ओढल्यावर शिव्या बसणार असतील तर कुणी हात लावणार नाही.

सुरुवातीला टार्गेट थोडं घसरेल. वरून तुझ्यावर ओरडा होईल, आणि तो खाली न सोडता स्वतःपाशी ठेवणं हे या कामातलं सर्वांत अवघड आहे. मला ते फार उशिरा जमलं. काही आठवडे पोरी तुझी परीक्षाही बघतील, काहीच सांगणार नाहीत. धीर धर.

सतरा नंबरचं नाव मला तिने काम सोडल्यावर, हिशेबाच्या कागदावर वाचून कळलं. तुझ्या लाईनवर बावीस जणी आहेत म्हणतेस. पुढच्या पत्रात बावीसही नावं लिहून पाठव. यादी बघून नको, आठवून लिही.

तुझा,
सर