वाचकांचे प्रश्न : ‘पिशवी काढली का?’

प्रश्न : मी अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. यंदा सार्वजनिक आरोग्याचा पेपर माझ्याकडे आला आहे. वर्गात अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मराठी, इतिहास अशी सगळीच मुलं असतील. मी डॉक्टर नाही. सुरुवात कुठून करू?
– एक प्राध्यापिका

उत्तर : ताई, डॉक्टर नसल्यानं अडणार नाही. डॉक्टरपुढे दवाखान्यात आलेला माणूस असतो. तुम्हाला शिकवायचंय ते अख्खं गाव, दवाखान्यात न आलेल्यांसकट.

मी लातूरला अर्थशास्त्र शिकवायचो, शेवटची सहा वर्षं असाच मिसळीचा वर्ग घेतला. पहिल्या वर्षी रोगांची यादी दिली. मुलांनी ती उतरवून घेतली, पेपरात लिहिली, विसरली. दुसऱ्या वर्षी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : ऊसतोडीला जाणाऱ्या इतक्या बायकांची पिशवी, म्हणजे गर्भाशय, का काढली जाते?

अर्थशास्त्राच्या मुलांनी उचल मांडली. मुकादमाकडून पैसे आधीच घेतलेले, नवराबायको मिळून एक कोयता. बाईचा खाडा पडला की दोघांचा दिवस बुडतो, वर दंड. मग दर महिन्याचा त्रास कायमचा मिटवावा, असं घरालाच वाटू लागतं. तुमच्या भूगोलातलं स्थलांतर इथे कामाला येतं. बाई पाचसहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर. तिची नोंद ठेवणारी आशाताई मात्र गावात.

संख्याशास्त्राच्या मुलांना आकडे द्या. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, म्हणजे सहात एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभरात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. मुलं लगेच ‘पाचपट!’ म्हणतील. तिथेच थांबवा. दोन्हीकडे वयं सारखी होती का, हे आधी विचारायला लावा. छेदात कोण आहे हे न बघता टक्का सांगायचा नाही, एवढं कळलं तरी अर्धा पेपर शिकवून झाला.

मराठीच्या मुलांना मात्र मीच सुरुवातीला कमी लेखलं होतं. आमचा वर्ग वस्त्यांवर पाहणीला जायचा. आमच्या फॉर्मवर होतं, ‘गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली आहे का?’ एका वस्तीवर सगळ्या बायका ‘नाही’ म्हणाल्या. मराठीच्या एका मुलीनं ती ओळ पेनानं खोडली, वर लिहिलं, ‘पिशवी काढली का?’ आणि त्याच घरांत परत गेली. एका आजीबाईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, ‘ह्या गल्लीत माझ्या दोन्ही सुना धरून सात.’ त्या सातही जणी आमच्या कागदावर ‘नाही’ होत्या.

दोन गोष्टी कटाक्षानं पाळा. नाव लिहायचं नाही, आणि सासू-नवऱ्यासमोर सुनेला विचारायचं नाही. वर्गातही ‘कोणाच्या घरी असं झालंय?’ असं विचारू नका. माझ्या वर्गातला एक मुलगा तीन तास खाली मान घालून बसायचा. चौथ्या तासाला व्हरांड्यात येऊन म्हणाला, ‘सर, आईचं सत्ताविसाव्या वर्षी झालं.’ पुढे फॉर्ममधला ‘किती दिवसांनी परत कोयता धरला?’ हा प्रश्न त्यानंच घातला. मला तो सुचला नसता.

वस्तीवर जायचं ते दिवाळीआधी उरका. नंतर घरांना कुलपं असतात आणि ओट्यावर म्हातारी माणसं तेवढी भेटतात.