एमडीच्या थीसिसमधून जर्नलसाठी पेपर कसा तयार करायचा?

तुम्ही विचारलंय की कम्युनिटी मेडिसिनमधला तुमचा एमडीचा थीसिस जमा झालाय, विषय ग्रामीण रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांमधला अ‍ॅनिमिया, आणि गाईड म्हणतात यातून पेपर काढ. मग एवढ्या जाड थीसिसमधलं कापायचं काय?

मी सांगेन, कापायला बसूच नका. थीसिस बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहा: हा पेपर कोणत्या एका प्रश्नाचं उत्तर देतो? थीसिसमध्ये आहार, शिक्षण, दोन बाळंतपणांतलं अंतर, गोळ्या असं सगळंच असतं. पेपरला एकच प्रश्न पेलतो. समजा तुम्ही ‘लोहाच्या गोळ्या नियमित घेणं आणि हिमोग्लोबिन’ एवढंच निवडलंत, तर बाकीचे तक्ते आपोआप गळतात.

त्यानंतर तक्ते आधी, मजकूर नंतर. तीन-चार तक्ते पक्के झाले की निकाल लिहून होतात, मग पद्धती, मग चर्चा. प्रस्तावना आणि सारांश अगदी शेवटी. प्रस्तावनेत अ‍ॅनिमियाचा इतिहास नको. आजवर काय माहीत आहे, काय नाही आणि तुम्ही काय शोधलंत, एवढे तीन परिच्छेद भरपूर.

पद्धतींवर मात्र मनापासून वेळ घाला, कारण मी तपासलेले बहुतेक पेपर तिथेच लंगडे पडतात. हिमोग्लोबिन साहलीच्या पद्धतीने (डोळ्यांनी रंग जुळवून) मोजलं की ऑटोअ‍ॅनालायझर यंत्रावर? अ‍ॅनिमियाची मर्यादा कोणती धरली? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत दुसऱ्या तिमाहीसाठी १०.५ ग्रॅम आणि पहिल्या-तिसऱ्या तिमाहीसाठी ११ ग्रॅम प्रति डेसिलिटर अशी मर्यादा आहे. तुम्ही सरसकट ११ धरली असेल तर तसं स्पष्ट लिहा. किती जणींना विचारलं, किती जणींनी नकार दिला, कोणाची माहिती अपुरी राहिली, हेही आकड्यांत द्या. तुमचा अभ्यास क्रॉस-सेक्शनल, म्हणजे सगळी माहिती एकाच वेळी घेतलेला आहे, म्हणून अशा निरीक्षणात्मक अभ्यासांच्या पेपरात काय काय हवं ते सांगणारी ‘स्ट्रोब’ची २२ मुद्द्यांची यादी आत्ताच समोर घ्या, पाठवायच्या दिवशी ती भरायला बसलं की निम्मे मुद्दे राहून गेलेले दिसतात.

दोन गोष्टींवर रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारे तज्ज्ञ, हमखास बोट ठेवतात. एक म्हणजे कारणाची भाषा. एकाच वेळी गोळ्याही विचारल्या आणि रक्तही तपासलं, तर ‘गोळ्या न घेतल्यामुळे अ‍ॅनिमिया झाला’ असं म्हणता येत नाही. दोन्हींचा संबंध आढळला, इतकंच म्हणा. रुग्णालयात आलेल्या बायकांवरून तालुक्याचं प्रमाणही सांगू नका. दुसरी, आकडे. सॉफ्टवेअरने पी (प्रत्यक्षात संबंध नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) ०.००० दाखवला तरी लिहायचं ०.००१ पेक्षा कमी. नुसता पी देऊन थांबू नका, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे अंदाज किती पक्का ते दाखवणारा पल्ला, द्या.

लेखकांची नावं आणि क्रम लिहायला घेण्याआधी गाईडसमोर ठरवा. अवघड वाटेल, तरी विचाराच. आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) चारही अटी पूर्ण करणाराच लेखक: संशोधनाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा गंभीरपणे सुधारणं, अंतिम मजकुराला मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. नुसतं विभागप्रमुख असणं यात बसत नाही. ज्यांनी रक्त काढलं किंवा रजिस्टर उपलब्ध करून दिलं त्यांचे आभार नावानिशी, त्यांना विचारून माना. भाषा सुधारायला एआय वापरलं असेल तर तेही नमूद करा. एआयला लेखक करता येत नाही.

एथिक्स कमिटीच्या मंजुरीचं पत्र काढून ठेवा, त्याचा क्रमांक आणि तारीख मागतात. थीसिसवर आधारित असल्याचं संपादकांना कव्हर लेटरमध्ये सांगा.

जर्नल निवडताना ईमेलवरून आलेल्या ‘आठवड्यात छापतो’वाल्या आमंत्रणांना बळी पडू नका. ‘पबमेडमध्ये (वैद्यकीय लेख शोधायच्या साइटवर) दिसतं’ हेही पुरेसं नाही, कारण पबमेड सेंट्रल या मोफत लेखांच्या साठ्यातले लेखही तिथे सापडतात. एनएलएम (अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय) कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाका आणि ते सध्या मेडलाइनमध्ये, म्हणजे त्यांच्या निवडक जर्नलांच्या सूचीत, आहे का ते बघा. शुल्क किती, ते कधी भरायचं हे पाठवण्याआधी वाचा. त्याच जर्नलमधले अलीकडचे दोन-तीन अ‍ॅनिमियावरचे पेपर वाचून तुमचे तक्ते आणि संदर्भ त्यांच्या पद्धतीत बसवा. संदर्भ सांभाळायला झोटेरो हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. आणि एका वेळी एकाच जर्नलला पाठवा. नकार आला तर रिव्ह्यूअरचे शेरे वाचून दुरुस्त्या करा, मगच पुढच्या जर्नलकडे जा, कारण विषय तोच असल्याने तिथेही तोच रिव्ह्यूअर भेटू शकतो.