सरडा, सारडा की शारदा?

साताऱ्याहून विचारणा आली आहे : चाळकेवाडीच्या पठारावरच्या निळ्या-काळ्या-केशरी गळ्याच्या सरड्याचे शास्त्रीय नाव 'शारदा' म्हणायचे की 'सारडा'? आणि ते कोणत्या लिंगात चालवायचे?

दोन्ही उच्चार चूक. नाव सरडा, आपलाच मराठी सरडा. पूर्वी हे सरडे 'सिताना' या प्रजातीत (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मोडत. २०१६ साली संशोधकांनी त्यांची वेगळी प्रजाती केली आणि तिला मराठी शब्दच नाव म्हणून दिला. चाळकेवाडीचा तो 'सरडा सुपर्बा'. रोमन लिपीत ड आणि द एकाच अक्षराने लिहितात, ऱ्हस्व-दीर्घही कळत नाही, हे मान्य. पण जन्मभर बांधावर सरडे पाहिलेल्या माणसाने इंग्रजी फलक वाचून त्याची शारदा करावी? पठारावर दर उन्हाळ्यात हे ऐकतो आणि दर वेळी चिडतो.

आता मूळ शब्दाकडे या. 'सरसर'मधल्या 'सर'ला 'डा' प्रत्यय लागून सरडा झाला, मुखड्यासारखा, असे जाणकार म्हणवणारेही सांगतात. मला हे साफ अमान्य आहे. संस्कृतात सरड्याला 'सरट' हा शब्द तयार आहे, आणि ट चा ड होणे ही प्राकृताची मळलेली वाट. मग प्रत्यय कशाला शोधायचा? प्रश्न उरतो शेवटच्या 'आ'चा. वट चा वड झाला, वडा नाही. घोटक चा मात्र घोडा झाला, कीटक चा किडा. मागचा क झिजला आणि जाताना आ ठेवून गेला. म्हणून माझे मत असे की सरडा नुसत्या 'सरट'वरून आलेला नाही, 'सरटक'वरून आला आहे. नाहीतर आपण आज 'सरड' म्हणत असतो.

आणि हाच आ लॅटिनच्या व्याकरणात गेला! तिथे आकारान्त नामे बहुधा स्त्रीलिंगी, म्हणून विशेषण 'सुपर्बा' लागले. पुल्लिंगी मानले असते तर 'सुपर्बस' झाले असते. मराठीत जो आ घोडा, किडा, सरडा यांना पुल्लिंगी ठेवतो, तोच तिकडे स्त्रीलिंगाची खूण ठरला. खरे तर पावसाळ्याआधी पवनचक्क्यांखालच्या दगडांवर चढून तो रंगीत गळा फुलवतो तो नर.

एका माहितीपत्रकात 'सरडाचा गळा' छापलेले पाहिले. घोडाची शेपटी म्हणतो का आपण? सरड्याचा गळा, सरड्याला, सरडे.