शेळीतल्या जंतांचं तोंड मायक्रोस्कोपखाली नीट दिसत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की परभणीला एम.एस्सी. झूलॉजीचा प्रोजेक्ट चालूय, खाटकाकडून उस्मानाबादी शेळीची आतडी आणून जंत काढले पण स्लाइडवर तोंडाच्या जागी नुसतं धुरकट टोक दिसतंय. मायक्रोस्कोपला शिव्या देऊ नका, जंत आडवा पडलाय म्हणून तसं होतंय. आडव्या जंताचं तोंड बघणं म्हणजे कानाकडून कुणाचे दात मोजणं, त्याला उभं करून समोरूनच बघावं लागतं.

आधी जंत बदला. हिमोंकस लगेच सापडतो, चौथ्या पोटात लाल-पांढऱ्या पिळाच्या माद्या डोळ्यांनाच दिसतात, म्हणून सगळे त्याच्यावरच तुटून पडतात, पण त्याची तोंडाची पोकळी एवढुशी आणि आत पाठीकडच्या बाजूनं आलेलं एकच बारीक पातं, नवीन माणसाला ते लवकर दिसत नाही. लहान आतड्यातला ब्युनोस्टोमम घ्या. तोंड मोठं आणि पाठीकडं वळलेलं, त्यामुळं पाठ कुठली पोट कुठलं हे लगेच कळतं. आणि पुस्तकातल्या अँकायलोस्टोमासारखे (माणसा-कुत्र्यातला हुकवर्म) दात शोधत बसू नका हां, इथं कडेला कापणाऱ्या दोन प्लेटा असतात, आत तळाशी दोन छोटी पाती आणि पाठीकडून पुढं आलेला एक सुळका.

जंत सलाइनमध्ये धुवून गरम ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाका म्हणजे ताठ मरतात, थंडात टाकले की वेटोळं होतं. अल्कोहोल गरम पाण्याच्या भांड्यात ठेवूनच तापवा, बर्नरवर अजिबात नाही. मग लॅक्टोफिनॉलमध्ये ठेवा, आरपार दिसायला लागेपर्यंत. त्यात फिनॉल आहे, ग्लोव्हज घाला.

आता खरं किचकट काम. डिसेक्शन मायक्रोस्कोपखाली नव्या ब्लेडनं डोक्याचा तुकडा कापायचा, जेवढा रुंद साधारण तेवढाच लांब, जास्त लांब ठेवला की कलंडतो. पापणीचा केस सुईच्या टोकाला चिकटवून त्यानं तुकडा ग्लिसरीन जेलीत तोंड वर करून उभा करा, चिमट्यानं नाही जमत लई चिरडतो. वर कव्हरस्लिप, ४० एक्सची लेन्स, मग ऑइल लावून १०० एक्सची, आणि फोकसचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवत वरून खाली या, कारण प्लेटा एका पातळीवर आणि आतली पाती दुसऱ्या.

एसईएमचा (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) नाद सध्या सोडा, त्यात वरचा पृष्ठभाग झकास येतो पण तळातली पाती तोंड उघडं असलं तरच दिसली तर दिसणार.