सिडनी हार्मर आणि देवमासे

प्रश्न : लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाचे संचालक सिडनी हार्मर यांचे संशोधन अगदी लहान समुद्री जीवांवर होते. मग देवमाशांशी त्यांचे नाव कसे जोडले गेले?

उत्तर : खडकांवर व समुद्रशैवालावर वसाहती करून राहणारे ब्रायोझोआ हाच हार्मर यांचा मूळ अभ्यासविषय होता. केंब्रिजच्या प्राणिशास्त्र संग्रहालयातून ते १९०९ मध्ये लंडनच्या संग्रहालयात प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून आले आणि १९१९ ते १९२७ या काळात संचालक होते. ब्रिटनच्या किनाऱ्याला लागलेल्या प्रत्येक देवमाशाची खबर किनारा-रक्षकांनी संग्रहालयाला द्यावी, ही व्यवस्था त्यांच्याच पुढाकाराने १९१३ मध्ये सुरू झाली. मला तर हेच त्यांचे सर्वांत मोलाचे काम वाटते, कारण त्यातून दशकानुदशकांच्या नोंदी साठल्या. दक्षिण महासागरातील बेसुमार शिकारीविरुद्धही त्यांनी वेळीच इशारा दिला होता.