वळणावर येणारा ‘कट-कट’ आवाज

प्रश्न : माझी नऊ वर्षे वापरलेली फ्रंट व्हील ड्राइव्ह मोटार आहे. फाटकातून बाहेर पडताना स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवले की डाव्या पुढच्या चाकाकडून ‘कट-कट’ असा आवाज येतो. ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळले तरी ते फिरते ठेवणारा सांधा, गेल्याचे गॅरेजमध्ये सांगितले. ब्रेक पॅड मी स्वतः बदलतो. हा जॉइंट घरी बदलता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : येईल, मात्र आवाज त्याच जॉइंटचा आहे याची आधी खात्री करून घ्यावी. बाहेरचा जॉइंट वळणावर वाजतो, तर गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट झिजला की बहुधा सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरते. रबरी बुटाच्या (जॉइंटवरच्या घडीदार आवरणाच्या) घडीत चीर आणि रिमच्या आतल्या बाजूला उडालेले काळे ग्रीस दिसले, तर संशय पक्का धरावा. ते ग्रीस चिमटीत चोळून पाहा, वाळूसारखी कचकच लागेल. हीच कचकच जॉइंटमधल्या गोळ्या आणि त्यांच्या खाचा झिजवते. आवाज सुरू झालेल्या जॉइंटमध्ये नुसते नवे ग्रीस भरण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही, कारण झिजलेली खाच ग्रीसने भरून येत नाही.

हब नट, म्हणजे चाकाच्या मध्यभागी शाफ्टच्या टोकावर बसणारा नट, अतिशय घट्ट असतो, म्हणून त्याची ठोकून वाकवलेली कड छिन्नीने सरळ करून, चाक जमिनीवर असतानाच आणि कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून तो सैल करावा. गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, मजबूत स्टँड लावाच. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट सोडवला की हब (चाक ज्यावर बसते तो भाग) बाहेर ओढून शाफ्टचे टोक मोकळे करता येते; मात्र या वेळी शाफ्ट बाहेर खेचला तर आतला जॉइंट सुटू शकतो, आणि ब्रेकच्या नळीवर ताण आला तर तिला इजा होते, तेव्हा दोन्हींना तारेने आधार द्यावा.

बऱ्याच गाड्यांत जुना जॉइंट आतल्या रिंगवर पितळी सळईने ठोकला की सर्क्लिप (त्याला शाफ्टवर अडकवून ठेवणारी कडी) सोडून निघतो. नवा जॉइंट बसवण्यापूर्वी नवा बूट आणि त्याची लहान पट्टी शाफ्टवर सरकवायला विसरू नका. घाईत हे राहून गेले, तर बसलेला जॉइंट पुन्हा काढावा लागतो. सोबत मिळालेले मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस सगळे वापरावे, बेअरिंगचे साधे ग्रीस नको. नव्या सर्क्लिपवर जॉइंट ‘टक्’ असा आवाज करून बसतो. त्यानंतर तो हाताने ओढून पाहावा. हब नटही नवाच घ्यावा आणि आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरावीक जोरानेच) आवळावा, कारण अंदाजाने आवळलेल्या नटामुळे चाकाचे बेअरिंग खराब होते. सुटा भाग विकत घेताना शाफ्ट ज्यांत बसतो त्या खाचांची (स्प्लाइनची) संख्या आणि एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) रिंग जुन्याशी ताडून पाहा.

उजव्या बाजूचा बूटही त्याच दिवशी तपासा. तिथे चीर नुकतीच पडलेली असेल, आवाज नसेल आणि ग्रीसमध्ये कचकच लागत नसेल, तर जॉइंट काढून स्वच्छ करून, नवे ग्रीस भरून फक्त बूट बदलला तरी पुरते.