दिवेलागणीचं विरजण

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस आणि मध्येच माझी बस आली, म्हणून आता सविस्तर लिहितो. तुमच्या वसतिगृहाच्या कॉरिडॉरमधल्या मुलीने तुझं दही खाल्लं, तिला आवडलं आणि आपणही लावून बघावं म्हणून तिने चमचाभर मागितलं. तू वाटी काढलीस तेवढ्यात व्हिडिओवरून आजी म्हणाली, "दिवेलागणीला विरजण देऊ नये बाई, उद्या सकाळी दे." ती मुलगी वाटीकडे बघत उभी आणि तुला काय सांगावं ते सुचेना. तुझे प्रश्न दोन. विरजण दिल्याने असं होतं तरी काय? आणि उत्तर स्वीडनमधल्या तुझ्या ऊमेओमध्ये दिवेलागण धरायची कधी?

दुसरा प्रश्न आजीलाच विचार, तिला मजा वाटेल. डिसेंबरात तुझ्याकडे दोन वाजायच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे तुमचं दुपारचं जेवणच तिन्हीसांजेला. आणि जूनमध्ये रात्रीचे साडेदहा वाजले तरी तो आभाळातच. हे नियम करणाऱ्यांनी फार फार तर काशीपर्यंतचा विचार केला असणार.

आता पहिला प्रश्न. आजीच्या तोंडचं उत्तर तुला माहीत आहे: संध्याकाळी घरातून दूध-दही, मीठ, सुई गेली की लक्ष्मी जाते. यादी घरागणिक बदलते, दूध-दही मात्र बहुतेक याद्यांत असतं. पण गंमत बघ. कुणी गावाला निघालं, परीक्षेला निघालं की हीच आजी त्याच्या तळहातावर दही घालते. गणपती हलवायच्या आधी मूर्तीच्या हातावर दही ठेवतात, आणि गणपती तर बहुतेक घरांतून संध्याकाळीच निघतात. म्हणजे दही घराबाहेर जाणं वाईट, असं काही आपल्या लोकांचं म्हणणं नाही. हरकत आहे ती फक्त विरजणाला, आणि तीही एका ठराविक वेळेला.

माझा तर्क सांगतो. आईला सांगितला तेव्हा ती नुसती हसली, हो किंवा नाही म्हणाली नाही. आमच्या लहानपणी घरात फ्रीज नव्हता. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात, तिथलं संध्याकाळचं दूध घरी यायचं, तापायचं, आणि जेवणं झाल्यावर कोमट असताना त्याला विरजण लागायचं. म्हणजे घरोघरी विरजणाची गरज एकाच वेळी, रात्री. ज्या बाईचं दही दुपारच्या कढीत संपलं, तिला ते नेमकं दिवेलागणीला आठवणार आणि ती शेजारी येणार. शेजारणीकडे तरी किती असणार? वाटीच्या तळाला चमचा-दीड चमचा. त्यातलं दिलं आणि उरलेलं मांजराने चाटलं, तर दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांत ताक नाही. मग नियम असा करायचा, की मागायचं तर दिवसाउजेडी मागा, म्हणजे देणारीलाही आपलं बाजूला काढून ठेवायला सवड. त्याला लक्ष्मी जोडली की शेजारणीला नाही म्हणताना वाईटपणा येत नाही. रोज तोंड बघायचं असतं ना एकमेकींचं.

तेव्हा त्या मुलीला दे. संध्याकाळी दिलंस तरी काही होत नाही. फक्त आधी स्वतःचं विरजण वेगळ्या छोट्या बरणीत काढ, मगच वाटी पुढे कर. हा भाग मात्र मी आजीइतकाच कडक पाळतो. "उरेल त्यातलं लावू" म्हणणाऱ्या घरात विरजण उरत नाही. दही लागलं की पहिला चमचा विरजणाचा काढायचा, मग बाकीच्यांनी जेवायला बसायचं.

आणि एक तुझा गैरसमज दिसला तो काढून टाकतो. "हे आमच्या आजीचं विरजण आहे," असं तू तिला सांगितलंस म्हणे. नाही गं. काही मंडळी पूर्वी दह्यात बुडवून वाळवलेला रुमाल बॅगेतून परदेशी नेत आणि तिथे तो कोमट दुधात टाकत, हे खरं. आपण तसं काही केलं नाही. आपलं विरजण स्वीडनमधल्याच योतेबोर्ग शहरातल्या एका तुर्की दुकानातल्या दह्याचं, आणि तेही मधूनमधून बदलावं लागलेलं. आजीकडून आली ती फक्त रीत. तसंही कोल्हापूरहून आणलं असतं तरी ते तसंच राहिलं नसतं. घरच्या विरजणात एकाच जातीचे जीवाणू नसतात, बरीच मिश्र वस्ती असते. दूध बदललं, हवा बदलली की त्यातले काही वाढतात, काही मागे पडतात.

दुकानातल्या दह्यात मुख्यतः दोन जाती काम करतात, एक गोल आणि एक लांबट. लांबट जातीच्या नावात बल्गेरिया आहे, कारण १९०५ साली जिनिव्हात शिकणाऱ्या स्तामेन ग्रिगोरोव नावाच्या बल्गेरियन तरुणाने आपल्या गावाकडच्या दह्यात ती शोधली. गोल जात आधी जोर धरते, दुधातली साखर खाऊन आम्ल करायला लागते. मग लांबट जात पुढे रेटते आणि खरा आंबटपणा तिचा. म्हणून आठ दिवस फ्रीजमध्ये पडलेल्या आंबटढाण दह्याचं विरजण लावलं, की नवं दहीही पहिल्या दिवसापासून आंबट. विरजण दोन-तीन दिवसांच्या आतलं हवं. तू सुट्टीच्या दिवशीच दही लावतेस, त्यामुळे तुझं दर वेळी थोडं जास्त आंबट होतं आहे. आठवड्यातून दोनदा लाव, थोडं थोडं लाव.

लावताना तू दूध नुसतं कोमट करतेस, उकळत नाहीस, असं आई म्हणाली. "पुड्यातलं दूध आधीच पाश्चराइझ केलेलं असतं" हे तुझं म्हणणं बरोबर आहे, पण तापवायचं ते जंतू मारण्यापुरतंच नव्हे. साधारण ८५ अंशांपर्यंत दूध गेलं आणि थोडा वेळ तिथे राहिलं, की दह्याच्या पाण्यात निघून जाणारी प्रथिनं उलगडतात आणि केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटून बसतात. म्हणून दही घट्ट लागतं आणि पाणी कमी सुटतं. आजीला हे रसायन ठाऊक नाही, पण "दूध चांगलं तापू दे, वर येऊ दे" हे तिने मला कितीदा सांगितलं असेल.

मग निववायचं. थर्मामीटर असेल तर ४२ ते ४५ अंश. नसेल तर स्वच्छ बोट बुडव. गरम लागलं पाहिजे, पण दहा मोजेपर्यंत सोसलं पाहिजे. फार गरम असताना विरजण घातलं तर ते मरतं आणि सकाळी दूधच सापडतं. अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा पुरे. दही लागत नाही म्हणून लोक विरजण वाढवतात, त्याने फक्त आंबट, पाणीदार दही होतं. अडतं ते उबेवर. आजी थंडीत भांडं पिठाच्या डब्यात ठेवायची, तुझ्याकडे तेवढं पीठ नसेल. भांडं टॉवेलात आणि मग त्या जुन्या लोकरी स्वेटरमध्ये गुंडाळून बंद ओव्हनमध्ये ठेव. कॉरिडॉरचं स्वयंपाकघर आहे, तेव्हा दारावर चिठ्ठी लाव, नाहीतर कुणीतरी पिझ्झासाठी ओव्हन सुरू करेल. आणि मध्ये मध्ये हलवून बघू नकोस. आम्लामुळे प्रथिनांची जाळी धरत असते, ती मोडली की पाणी सुटतं आणि पुन्हा बसत नाही.

सुरीने कापावं असं कवडीदार दही मात्र तिथल्या दुधाचं होणार नाही, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, तुझ्या लाल पुड्यात तीन. हिरवा पुडा दह्याला घेऊच नकोस, दीड टक्क्यात काय लागणार! शिवाय बहुतेक पुड्यातलं दूध यंत्रातून असं काढलेलं असतं, की स्निग्धांशाचे कण बारीक होऊन दुधातच राहतात. मग साय धरत नाही, आणि साय नाही म्हणजे लोणी नाही. तूप करायची हौस आलीच तर सरळ क्रीम विकत आणून विरजायचं. तिथे जुन्या पद्धतीचं म्हणून जे दूध मिळतं त्यावर साय येते, महाग असतं, पण सणासुदीला आण.

त्या मुलीची आजी उत्तरेकडची, लाँगफील करायची, असं तू म्हणालीस. ते मला फार आवडलं. तेही विरजणाचंच दही, पण त्यातले जीवाणू घरातल्या साध्या उबेत वाढणारे, त्यामुळे ओव्हन-बिव्हन लागत नाही. आणि ते चमचा उचलला की लांब तार धरतं. आपल्याकडे दह्याला तार आली की "बिघडलं" म्हणून विरजण बदलतात, तिकडे त्या तारेसाठीच ते करतात! स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस १७३२ साली उत्तरेकडच्या लॅपलंडला निघाला तेव्हा तुझ्या ऊमेओवरूनच गेला. १७३७ साली छापलेल्या तिथल्या वनस्पतींवरच्या पुस्तकात त्याने लिहून ठेवलं आहे, की लोक एका किडे खाणाऱ्या छोट्या रोपाच्या पानांवर ताजं दूध ओततात आणि ते घट्ट होतं. एकदा झालं की पुन्हा पान लागत नाही, त्यातलंच चमचाभर पुढच्या दुधात. आपल्याकडे विरजण अजिबात नसेल तेव्हा कोमट दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकून ठेवतात, देठांवरच्या जीवाणूंनी दूध धरतं. पहिलं दही खायच्या लायकीचं नसतं, त्याचं विरजण लावून दुसरं करायचं. तिच्या आजीने पानाचं काही सांगितलं असेल तर विचारून मला कळव.

तिच्याकडचं लाँगफील मिळालं तर जरूर आण, पण दोन्ही विरजणं वेगळ्या बरण्यांत आणि वेगळ्या चमच्यांनी. एकात दुसरं गेलं की दोन्हींची चव जाते.

नाताळात घरी येशील तेव्हा विरजण फेकून येऊ नकोस. बर्फाच्या साच्यात दोन-तीन खणांत ताजं दही गोठव, खडे पिशवीत भरून वर नाव लिही. आल्यावर एक खडा आदल्या रात्री फ्रीजमध्ये वितळू दे आणि मग लाव. गोठवण्यात काही जीवाणू मरतात, म्हणून पहिलं दही लागायला नेहमीपेक्षा दोन-चार तास जास्त लागतील. आणि त्या मुलीला आताच दिलं असशील, तर तिच्याकडेही एक विरजण राहीलच. जानेवारीत तुझं नाही लागलं तर मागायला जा. दुपारी दोनच्या आत.

बाबा